कोपराला तेल चोळू नका

संपादक महोदय,

मे महिना आला की आमच्या फिजिओथेरपी केंद्रात आंब्यावरून, सायकलवरून पडलेल्या पोरांची रीघ लागते. पडताना हात टेकतो आणि दंडाचे हाड कोपराच्या जरा वर मोडते. हाड सरकले असेल तर भूल देऊन ते जागेवर बसवतात, बारीक तारा घालतात. तीन-चार आठवड्यांत त्या निघतातही. इथवर सहसा सगळे ठीक असते. घोळ होतो तो घरी.

प्लास्टर निघाले की आजी कोमट तेलाची वाटी घेऊन बसते. कुणी हात सरळ व्हावा म्हणून भरलेली बादली उचलायला लावते. (बादलीचा सल्ला देणारे शेजारी प्रत्येक गल्लीत असतात!) कोपराला जबरदस्ती खपत नाही. जोर लावून चोळले, ताणले तर स्नायूत हाड तयार होऊ शकते आणि सांधा आणखी आखडतो. मुलाने सोसेल तेवढा हात स्वतःच हलवायचा. रोजच्या बहुतेक कामांना 30 ते 130 अंशांची हालचाल पुरते (हात पूर्ण सरळ म्हणजे शून्य अंश). उरलेल्या थोड्या बाकासाठी लेकराला रडवू नये.

मार लागल्यावर कामट्यांनी करकचून बांधणे तर त्याहून घातक. बोटे फिकी, गार पडली किंवा ती सरळ करताना मूल कळवळले, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. रक्तपुरवठा तुटला तर स्नायू काही तासांत मरतात.

रुग्णालयांनी घरी सोडताना एवढे मराठीत छापून हातात द्यावे. इंग्रजी डिस्चार्ज कार्ड आमच्याकडे न वाचताच येते.

– एक फिजिओथेरपिस्ट, कराड