गाजर भाड्याने देणे आहे

नागपूर
शुक्रवार, रात्र

प्रिय गज्या,

पोळ्यापासून तुझे फोन येऊन राहिले आणि मी एकही उचलला नाही. आधी शिव्या देऊन घे, मग पुढे वाच. इकडे सगळं ठीक. बाबांची साखर आटोक्यात, आईचे गुडघे जसेच्या तसे, माझं पोट तुला माहीत आहेच. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नव्हती म्हणून कागद घेतला. बायकोला सांगितली तर म्हणाली, "मग त्यात काय झालं?" तू असं म्हणणार नाहीस, कारण या गुन्ह्याचा मूळपुरुष तूच आहेस.

सोमवारची नखं-रुमाल तपासणी आठवते ना बे? एक रुमाल, बाकाखालून पुढे सरकत जाणारा, आणि भोयर सरांना अख्खा वर्ग स्वच्छ. शेवटच्या बाकावर पोचेपर्यंत त्याचा पोतेरा झालेला असायचा, तरी सर "शाब्बास" म्हणायचे. आता मी भोयर सरांच्या जागी आहे आणि माझ्या वर्गात रुमालाऐवजी गाजर फिरून राहिलं.

झालं असं. सप्टेंबर म्हणजे पोषण महिना, २०१८ पासून दरवर्षी असतो. मोठ्या बाईंनी तो माझ्या गळ्यात घातला, कारण "सरांना खाण्यातलं कळतं". (माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या. मी गप्प.) सुरुवात झकास झाली, खरं सांगतो. कापडी पिशवीत हात घालून न बघता भाजी ओळखायची, हा पहिला खेळ. गवार, सांबार (तुमची कोथिंबीर), आलं. ढेमसं हातात आल्यावर एकाने "चेंडू" सांगितलं, दोडकं अर्ध्या वर्गाला आलं नाही, आणि कॉटन मार्केटात भाजीचा ठेला असणाऱ्या बाईची पोरगी नुसत्या वासावर अंबाडी सांगून मोकळी झाली. मग तेल-हळद हाताला चोळून एकदा नुसत्या पाण्याने धुवायचे, एकदा साबणाने. पिवळे हात घेऊन पोरं व्हरांडाभर नाचली. भिंतीवर उमटलेले पंजे अजून आहेत.

साखरेचा हिशेब तर त्यांनीच केला. थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्या आणायला लावल्या, लेबल वाचायला लावलं. १०० मिलीत साधारण १० ग्रॅम साखर, म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत २५, म्हणजे पाच चमचे. पाच चमचे कागदावर ओतल्यावर ढीग बराच दिसतो रे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही वरची साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, जमलं तर २५. हे सांगितल्यावर मागून आवाज आला, "सर, मंग तुमच्या चहात किती?" तो विषय तिथेच संपवला.

सगळ्यात जमली ती मटकी. प्रत्येकाने आपली मूठभर मटकी भिजवली, फडक्यात बांधली, फडक्याला नावाची चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना सोडून सगळे फडकी सोडायला धावले. पट्टी लावून कोंब मोजले. कोणाचा दीड सेंटिमीटर, कोणाचा दोन, एकाची मटकी सडली तर तो रडायलाच बसला, मग शेजारणीने तिच्यातली अर्धी दिली. मग कांदा, लिंबू, सांबार घालून तिथेच फस्त. घरी मटकीच्या नावाने तोंड वाकडं करणारी पोरं होती ही! लिंबू कशाला, तर त्यातल्या क जीवनसत्त्वाने डाळी-भाज्यांतलं लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटं होतं, एवढंच सांगितलं. त्यातलं किती डोक्यात राहिलं देव जाणे, पण स्वतःच्या हातची मटकी पोटात गेली.

इथवर ठीक होतं. मग आला तक्ता.

तक्ता माझा नाही, हे लिहून ठेव. छोट्या सुटीतल्या डब्यात भाजी, फळ किंवा कडधान्य असलं की नावापुढे हिरवी चांदणी. महिनाअखेर सगळ्यात जास्त चांदण्या असतील त्याच्या आईचा पालक सभेत सत्कार. मी म्हटलं, बाई, चांदण्या लावू नका, परीक्षा पोराची नाही, आईची होईल. बाई म्हणाल्या, "सर, फोटो चांगला येतो."

परवा डबे तपासून राहिलो होतो. खिडकीजवळच्या बाकावर गाजराची कांडी दिसली, एका टोकाला दात लागलेला, कडा वाळून काळपट. चांदणी दिली. दोन बाक सोडून परत गाजर. तोच दात, तीच काळी कड. मी काही बोललो नाही, मुद्दाम हळू चाललो. मी एका बाकावरून हललो की मागे पाय घासल्याचा बारीक आवाज, आणि पुढच्या डब्यात गाजर हजर. गज्या, मला हसू दाबता येईना. फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो.

आता पुढचं ऐक. शेवटच्या बाकावरच्या पोरीच्या गणिताच्या वहीत मागच्या पानावर हिशेब सापडला. गाजराचं भाडं, पुडीतला एक तुकडा. पाच रुपयाची ती मसालेवाली पुडी असते ना, ती. नावांपुढे बरोबरच्या खुणा आणि एका कोपऱ्यात चक्क "उधारी". आपल्या वेळी रुमाल फुकट होता बे! गाजराचा मालक स्वतः गाजर खात नाही, आजी डब्यात टाकते म्हणून आणतो. सुटी संपल्यावर ती कांडी गेटजवळच्या बकरीला.

मी आवाज चढवला, डब्यात भाजी ठेवायची म्हणजे काय? तर मालक शांतपणे म्हणाला, "सर, डब्यात असाले पायजे म्हणाले होते तुम्ही. खाले पायजे कुठं म्हणाले?"

याला काय उत्तर देणार? भोयर सरांनीही खिशात रुमाल आहे का एवढंच पाहिलं, नाक पुसतो का हे कधी पाहिलं?

तक्ता आता जवळजवळ पूर्ण हिरवा आहे. फोटो वर गेलासुद्धा, आणि वरून "अभिनंदन" आलं. एकच ओळ पूर्ण कोरी. त्या पोराची आई पहाटेच धुणीभांड्याला जाते. तो आणतो पोळी आणि जवसाची चटणी. जवसात ओमेगा-३ असतं, त्याचंच तेल गोळ्यांत भरून औषधाच्या दुकानात विकतात लोक, पण तक्त्यात चटणीला रकाना नाही. गाजर भाड्याने घ्यावं तर द्यायला पुडी नाही. खरा हिशेब फक्त त्याच्या ओळीत आहे, आणि पालक सभेत सगळ्यांना दिसणार ती त्याची कोरी ओळ. रात्री हेच डोक्यात फिरतं. त्याची आई त्या दिवशी रोजी बुडवून येईल का, आली तर कुठे बघेल.

तू म्हणशील, मास्तर, एवढं काय, चटणीला एक चांदणी दे. तुझं ठरलेलं आहे, बक्षिसाशिवाय पोर हलत नाही. मागच्या दिवाळीत याच्यावरून आपलं किती वाजलं! वाटीभर वरणाला दहा रुपये लावले होतेस तू पोरीला. वहिनी परवा सांगत होती, आता भाव वीस झालाय आणि भाजीचा वेगळा. मी तेव्हाच म्हटलं होतं, पोरगी वरण खायला नाही, भाव करायला शिकेल. तू म्हणालास, तुझी पोरं फुकटात खातात का? होय, मटकी फुकटात खाल्ली त्यांनी. हा मुद्दा माझा, लिहून दे.

बाहेरच्या टपरीचंही बघायला गेलो. शाळेपासून ५० मीटरच्या आत तळकट-गोड पुड्या विकायच्या नाहीत असा २०२० चा नियम आहे. पोरांनी पावलं मोजली, तीस भरली. पण टपरीवाल्याचा पुतण्या आपल्याच वर्गात, पहिल्या बाकावर. तो पावलं मोजायला आलाच नाही. आणि टपरीला तरी किती बोलू? तान्हा पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन दारात आली, तर आमच्या गल्लीत बोजारा म्हणून नाण्याऐवजी लोक त्याच पुड्या हातात ठेवत होते. माझ्या घरीसुद्धा.

मी ठरवलंय असं. सभेच्या आदल्या दिवशी तक्ता उतरवायचा. बाई चिडतील, चिडू देत. त्याऐवजी आनंददायी शनिवारी, म्हणजे शाळेतल्या उपक्रमांच्या शनिवारी, पंगत. निवडणं, तोडणं, वाढणं सगळं पोरांनी करायचं, चुलीपाशी खिचडीवाली मावशी. सत्कार कोणाचाच नाही. ती पिशवीत हात घालणारी पोरगी अंबाडी आणते म्हणाली, आणि जवसाची चटणी त्या पोराच्या आईकडूनच कुटून घेऊ, मजुरी देऊन. बाईंना सांगायचं कसं तेवढं अजून जमलेलं नाही. तू असतास तर तुलाच पुढे केलं असतं, रुमालाच्या वेळी मला केलंस तसं.

तुझ्या बदलीचं काय झालं? पुण्याचं घर विकू नकोस एवढ्यात. वहिनीला नमस्कार, पोरीला माझ्याकडून काहीच देऊ नकोस, भाव चढेल.

काकूंना एक विचारून कळव. अंबाडीची भाजी पस्तीस पोरांना करायची तर तूरडाळ किती आणि ज्वारीच्या कण्या किती? आंबटपणा जायला पाला उकळून पाणी फेकायचं एवढं मावशीला माहीत आहे, पण कण्या ती तांदळाच्या घालते म्हणते. काकू ऐकतील तर चपला घेऊन निघतील. बुधवारपर्यंत कळव, म्हणजे किराणा भरता येईल.

तुझा,
मास्तर