मालिंदीच्या तांबड्या पाण्यात नैरोबीही आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला केनियाच्या किनाऱ्यावरचा लेख आवडला, पण मालिंदीचा समुद्र 'बारमाही निळाशार' हे काही पटलं नाही. नोकरीनिमित्त ११ वर्षं मोम्बासात काढली. एप्रिल-मेच्या पावसात मालिंदीला गेलात तर समुद्र दुधाच्या चहासारखा दिसतो. आमच्या धाकटीचा पांढरा फ्रॉक एकदा त्या पाण्यात तांबूस झाला, तो पुन्हा काही उजळला नाही.

हा रंग सबाकी नदीचा. उगमाकडे ती अथी, त्सावो नदी मिळाल्यावर गलाना आणि समुद्राजवळ सबाकी. नैरोबीजवळच्या माचाकोस भागातल्या उघड्याबोडक्या टेकड्यांची माती ती वाहून आणते. १९६८ पासून राखीव असलेल्या मालिंदीच्या सागरी उद्यानातल्या प्रवाळांवर हा गाळ बसतो. माती डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्याबद्दल सगळे बोलतात.

न दिसणारं येतं ते नैरोबीहून. हे नाव ज्या मासाई शब्दांवरून आलं त्यांचा अर्थ 'थंड पाणी'! ती नैरोबी नदी झोपडपट्ट्यांची गटारं, कारखान्यांचं सांडपाणी पोटात घेत, दांदोराच्या कचरा डेपोला खेटून जाते आणि अथीला मिळते. हा डेपो २००१ मध्येच 'भरला' म्हणून जाहीर झाला होता, तरी ट्रक येतच राहिले. याच पाण्यावर काठावर सुकुमा विकी नावाची पालेभाजी पिकते, हेही तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. जुडी घेताना कोणी विचारत नाही, आम्हीही विचारलं नाही.

एवढ्या लांबच्या प्रवासात बरीच घाण विरते, मान्य. पण मालिंदीच्या वरच्या अंगाला, बारिचो गावी सबाकीच्या वाळूतल्या विहिरींतून पाणी उपसतात. मालिंदी, किलिफी आणि काही प्रमाणात मोम्बासाही तेच पितं. वाळू गाळ अडवते, पाण्यात विरघळलेलं सगळंच अडवते असं नाही. पुण्याचं सांडपाणी जिथे उतरतं त्या उजनीचं पाणी पिणाऱ्या आम्हा सोलापूरकरांना हे वेगळं समजवायला नको.

नैरोबीत नदीसफाईच्या घोषणा मी केनियात असतानाही ऐकल्या. काठावर झाडं लागतात, बाकं बसतात. वरून येणारा सांडपाण्याचा नळ तसाच वाहत असतो.

पुढच्या पुरवणीत निदान कोणत्या महिन्यात जावं, एवढं तरी छापावं.

– एक वाचक, सोलापूर