जिद्द होतीच, अडले होते करारात

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील, अमेरिकेतल्या ‘कंट्री’ या लोकप्रिय संगीतप्रकारातला गायक-गीतकार विली नेल्सन याच्यावरचा लेख वाचला. माहिती बरीच आहे, पण चाळिशी ओलांडलेला अपयशी गायक, शेवटची संधी आणि जिद्दीला आलेले फळ, हा त्याचा साचा पटला नाही.

टेक्ससमध्ये हातातोंडाची गाठ पडत नव्हती तेव्हा नेल्सनने एक गाणे ५० डॉलरना विकले, दुसरे १५०ला. पण १९६० मध्ये कंट्री संगीताचे माहेरघर असलेले नॅशव्हिल गाठल्यावर पुढच्याच वर्षी गायिका पॅट्सी क्लाइनने त्याचे ‘क्रेझी’ गायले आणि गायक फॅरन यंगने त्याचे ‘हॅलो वॉल्स’ कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत अव्वल नेले. अशा गीतकाराला अपयशी कसे म्हणायचे? घोडे अडले ते त्याच्या स्वतःच्या गाण्याचे. तो तालाच्या किंचित मागे-पुढे, बोलल्यासारखा गातो. आरसीए या रेकॉर्ड कंपनीने मात्र त्याच्या आवाजाभोवती व्हायोलिनांचा ताफा आणि कोरस उभा केला. तेव्हा नॅशव्हिलची रीतच तशी होती. वादक कोण आणि वाद्ये किती, हे निर्माता ठरवी.

डिसेंबर १९७० मध्ये घर जळाले, तेव्हा त्याने आगीतून गिटार वाचवली. हा किस्सा आपल्या लेखाचा बराच भाग खातो. त्यापेक्षा पुढचे महत्त्वाचे होते. तो टेक्ससमधल्या ऑस्टिनला गेला, अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीत दोन चांगले अल्बम केले आणि १९७४ मध्ये त्या कंपनीने नॅशव्हिलचा कंट्री विभागच गुंडाळला. इथे गायकाची जिद्द काय करणार?

१९७५ मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीशी केलेल्या करारात मात्र संगीताबाबतचा अंतिम शब्द नेल्सनचा होता. टेक्ससमधल्या गार्लंड गावी, आपल्याच वादकांना घेऊन त्याने मोजक्या दिवसांत ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला: गिटार, बहीण बॉबीचा पियानो, माउथ ऑर्गन आणि भरपूर मोकळी जागा. कंपनीच्या साहेबांना तो कच्चा नमुना वाटला. पण करारामुळे त्यांना त्यावर रंगरंगोटी करता आली नाही. हा प्रसंग लेखात एका ओळीत उरकला आहे.

त्यातल्या ‘ब्लू आइज क्राइंग इन द रेन’मुळे वयाच्या ४२व्या वर्षी गायक म्हणून तो प्रथमच कंट्री यादीत अव्वल ठरला. लेखात हे गाणे नेल्सननेच लिहिल्याचे म्हटले आहे. ते फ्रेड रोझचे, १९४०च्या दशकातले. इतरांना गाणी पुरवणाऱ्याला शेवटी दुसऱ्याचे गाणे फळले, ही गंमत त्यामुळे हुकली. निदान तेवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

— एक वाचक, मिरज