आधी जॉर्ज, मग मॅक्सी

संपादक महोदय,

एनबीएच्या (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) उन्हाळी खरेदीच्या बातम्यांत 'सॅलरी कॅप' म्हणजे संघाने खेळाडूंवर खर्च करायची कमाल रक्कम, असे हमखास छापले जाते. आयपीएलची सवय झालेल्या वाचकाला ते पटतेही. 2025 च्या हंगामासाठी प्रत्येक फ्रँचायझीकडे 120 कोटी रुपये होते. त्यातले 27 कोटी लखनौने एकट्या ऋषभ पंतवर लावले आणि उरलेल्यात बाकीचा संघ उभा केला. पैसे संपले की बोली संपली, इतका सरळ मामला. एनबीएत मात्र बरेचसे संघ कॅप ओलांडूनच हंगाम खेळतात, आणि तेही नियमात राहून. कॅप अडवते ती मुख्यतः बाहेरचा खेळाडू आणताना. सलग तीन वर्षे आपल्याकडे असलेल्या खेळाडूचे 'बर्ड हक्क' संघाकडे असतील, तर कॅपच्या कितीही वर जाऊन त्याला पुन्हा करारबद्ध करता येते. म्हणून कोणाला किती दिले याइतकेच, कोणाची सही आधी घेतली हे महत्त्वाचे ठरते.

फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सचा 2024 चा उन्हाळा यासाठी पाहण्यासारखा आहे. त्या वर्षी कॅप होती 14.06 कोटी डॉलर. जोएल एम्बीडचा पगार 5.14 कोटी. टायरीज मॅक्सीचा नवखेपणीचा करार संपत होता आणि त्याला कमाल पगार द्यावा लागणार हे सगळ्यांना ठाऊक होते. तो कॅपच्या 25 टक्के, म्हणजे 3.51 कोटी. संघाला त्याचा करार 2023 च्या ऑक्टोबरमध्येच वाढवता आला असता. तो मुद्दाम वाढवला नाही. कारण करार संपलेला खेळाडू नवी सही करेपर्यंत संघाच्या हिशेबात 'कॅप होल्ड' नावाच्या तात्पुरत्या आकड्याने धरला जातो. नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) पहिल्या फेरीत निवडलेला आणि सरासरीपेक्षा कमी पगाराचा खेळाडू असेल, तर हा आकडा शेवटच्या पगाराच्या तिप्पट असतो. मॅक्सीचा शेवटचा पगार 43.4 लाख. तिप्पट म्हणजे 1.30 कोटी.

आता वजाबाकी करून पाहा. करार आधीच वाढवला असता, तर 14.06 मधून 5.14 आणि 3.51 वजा जाता 5.41 कोटी उरले असते. संघात 12 जण नसतील, तर प्रत्येक रिकाम्या जागेपोटी नवख्याचा किमान पगार, सुमारे 11.6 लाख, हिशेबात धरतात. एम्बीड, मॅक्सी आणि येणारा तारा सोडून 9 जागांचे 1.04 कोटी. हाती राहिले 4.37 कोटी. लॉस एंजेलिस क्लिपर्स संघातून मोकळा होत असलेल्या पॉल जॉर्जसारख्या दहा वर्षांहून अधिक अनुभवी खेळाडूचा कमाल पगार कॅपच्या 35 टक्के, म्हणजे 4.92 कोटी. 55 लाख कमी पडले असते आणि गाडी तिथेच अडली असती. होल्ड तसाच ठेवल्यामुळे हाच हिशेब 6.58 कोटींवर गेला. जॉर्जला पूर्ण पगार देऊनही दीडेक कोटी उरले. (नव्याने निवडलेल्या खेळाडूचा पगार धरला की दोन्ही आकडे थोडे घसरतात, पण निष्कर्ष तोच.)

पाटी कोरी करायचे काम त्याआधीच सुरू झाले होते. नोव्हेंबर 2023 मध्ये सिक्सर्सचा जेम्स हार्डन क्लिपर्सकडे गेला. बदल्यात आलेले बटूम, कव्हिंग्टन, मॉरिस आणि के. जे. मार्टिन हे चौघेही त्याच हंगामाअखेर मोकळे होणारे होते. शिवाय हार्डनबरोबर पी. जे. टकरही पाठवला, कारण पुढच्या वर्षाच्या 1.15 कोटींवर त्याचा हक्क होता. टोबायस हॅरिसचा करार (शेवटच्या वर्षाचा पगार 3.9 कोटी) संपला, तेव्हा त्याच्यावरचे हक्क सोडून दिले. हक्क सोडणे ही फक्त कागदाची बाब वाटते, पण ते केले नाही तर गेलेल्या खेळाडूचा होल्ड जागा अडवून बसतो.

मग जुलैत आधी जॉर्जची सही झाली: 4 वर्षे, 21.16 कोटी, शेवटच्या वर्षाचा निर्णय त्याच्या हातात. कॅपची जागा वापरून झाल्यावर बर्ड हक्काने मॅक्सी: 5 वर्षे, 20.4 कोटी. हा क्रम उलटा झाला असता, तर दुसरी सही झालीच नसती. केली उब्रे उरला होता तो 'रूम एक्सेप्शन'मध्ये बसवला. जागा वापरणाऱ्या संघालाच मिळणारी ही सवलत त्या वर्षी सुमारे 80 लाखांची होती. या सगळ्यात जोखीम मॅक्सीने घेतली. वर्षभर तो मोठ्या कराराशिवाय खेळला. तेवढ्यात गुडघा गेला असता, तर संघाच्या शब्दाची किंमत किती राहिली असती, कोण जाणे. या बेताचे श्रेय द्यायचे, तर संघाचे तेव्हाचे बास्केटबॉल अध्यक्ष डॅरिल मोरी यांच्याइतकेच त्याला द्यायला हवे.

दुसरी चूक क्लिपर्सबद्दल होते. जॉर्ज गेला म्हणजे त्याचे 4.92 कोटी त्यांना दुसऱ्या ताऱ्यावर खर्चायला मोकळे झाले, असा समज असतो. तसे झाले नाही. लेनर्ड, पॉवेल, झुबात्स, मॅन, टकर यांचे पगार आणि हार्डनचा होल्ड मिळून ते कॅपच्या वरच होते. तारा गेला, बदल्यात काही आले नाही, आणि हाती लागली ती 1.28 कोटींची मिड-लेव्हल सवलत, म्हणजे कॅपच्या वर असूनही बाहेरचा खेळाडू घेण्याची मुभा. त्यातून डेरिक जोन्स ज्युनियर आला. ती सवलत ठराविक मर्यादेपलीकडे वापरली की पहिल्या एप्रनवर (एप्रन म्हणजे कॅपच्या वर आखलेली एकूण पगाराची रेषा; त्या वर्षी 17.81 कोटी) कुलूप लागते. वर्षभर त्याच्या पुढे एक डॉलरही जाता येत नाही, अगदी किमान पगाराचा खेळाडू घ्यायचा झाला तरी.

मग त्यांनी जॉर्जला ठेवलाच का नाही? ठेवला असता तर दुसऱ्या एप्रनच्या (18.89 कोटी) वर गेले असते. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या 2023 च्या सामूहिक करारापासून तिथली खरी शिक्षा दंडाच्या पैशांपेक्षा मोठी आहे. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू मागता येत नाही. दिला त्यापेक्षा जास्त पगार परत घेता येत नाही. व्यवहारात रोख रक्कम घालता येत नाही. सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीची निवड गोठते, म्हणजे ती व्यवहारात देता येत नाही. मालक कितीही श्रीमंत असो (आणि क्लिपर्सच्या स्टीव्ह बाल्मर यांच्याकडे पैशांची ददात नाही), तिथे चेकबुक चालत नाही. जॉर्जशिवाय त्यांनी 50 सामने जिंकले, हेही नोंदवायला हवे.

सिक्सर्स मात्र 24-58 वर घसरले. एम्बीड 19 सामने खेळला, जॉर्ज 41, मॅक्सी 52. तेव्हापासून 2024 च्या त्या हिशेबालाच नावे ठेवणारे पुष्कळ झाले. मला ते मान्य नाही. कागदावरचे काम निर्दोष होते. चुकले ते वयाचे आणि गुडघ्याचे गणित. 34 वर्षांच्या खेळाडूला चार वर्षे दिली, आणि चौथ्या वर्षी, तो 38 चा होताना, 5.66 कोटी द्यायचे आहेत. त्याहून वाईट निर्णय सप्टेंबर 2024 चा. एम्बीडच्या गुडघ्यावर फेब्रुवारीतच शस्त्रक्रिया झाली होती, आधीचा करार हातात होता, तरी आणखी सुमारे 19 कोटींची मुदतवाढ दिली गेली. ती थांबवता आली असती. परिणामी 2025-26 मध्ये या तिघांचेच 14.49 कोटी, कॅपच्या 94 टक्के. वाईट हंगामाचा एक फायदा नशिबाने झाला: पहिल्या सहात आली नसती तर ओक्लाहोमा सिटीला द्यावी लागणारी निवड तिसऱ्या क्रमांकावर राहिली आणि व्ही. जे. एजकोम मिळाला. पण तो नियोजनाचा भाग नव्हता.

तेव्हा एक विनंती. अशा कराराची बातमी देताना एकूण रकमेबरोबर चार गोष्टी छापाव्यात: पहिल्या वर्षाचा पगार कॅपच्या किती टक्के, शेवटच्या वर्षाचा निर्णय खेळाडूचा की संघाचा, सही कॅपच्या जागेतून झाली की बर्ड हक्काने की एखाद्या सवलतीतून, आणि त्यामुळे संघाला कोणत्या एप्रनवर कुलूप लागले. दोन ओळींची जागा पुरते.

आपला,
एक बास्केटबॉलप्रेमी वाचक, पुणे