जळगावच्या डॉक्टर मॅडमना, त्या बदललेल्या सुईबद्दल

नमस्कार मॅडम,

व्हॉट्सॲपवर हात जोडून भागलं असतं, पण मन मानेना. म्हणून चारचौघांत लिहितेय.

गालावरचे मुरमांचे खड्डे भरायला मी आधी एका मोठ्या शहरात गेले होते. तिथे बधिर करणारं क्रीम लावल्यासारखं केलं, लगेच पुसलं आणि टोचायला सुरुवात. मी कण्हले, तर डॉक्टर म्हणाले, "सुंदर दिसायचं तर एवढं सोसावंच लागतं." नटण्याची हौस हा गुन्हा आणि सुई ही त्याची शिक्षा, असा एकूण आविर्भाव. पैसे मात्र हौसेचेच घेतले!

तुमच्याकडे तेच क्रीम प्लास्टिकखाली तासभर राहिलं. त्यातलं बधिरतेचं औषध, लिडोकेन-प्रिलोकेन, कातडीत मुरायला तेवढा वेळ लागतोच, हे आता मलाही पाठ झालंय. मग बर्फ. मग सिस्टरांनी शेजारी धरलेलं ते थरथरणारं यंत्र. थरथर पुढे जाते आणि दुखणं दारातच अडतं, असं तुम्ही सांगितलंत. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी ही कल्पना 1965 सालीच मांडली होती, हे मी घरी येऊन वाचलं. म्हणजे त्या शहरातल्या डॉक्टरांना कळायला वेळ भरपूर होता.

पण मला आठवते ती सुई. नाकाच्या कडेशी आलात आणि हात थांबला. सिरिंज तीच ठेवलीत, पुढची सुई काढून डब्यात टाकलीत, नवी बसवलीत. "टोक बोथट झालं की सुई शिरत नाही, ढकलावी लागते." एवढंच बोललात. जुन्या सुईनेही काम झालं असतं, मला पत्ताही लागला नसता. वर हळूच विचारलंत, "दुखी ऱ्हायनं का वं माय?" तेव्हा डोळ्यांत पाणी आलं ते दुखण्याचं नव्हतं. सिस्टरांनी उगाच बर्फ पुढे केला.

आपल्याकडे अशी माणसं आहेत अजून. धावत येणाऱ्या म्हातारीसाठी एसटी थांबवणारा कंडक्टरही त्यातलाच. त्याला कोणी बक्षीस देत नाही, मागचे प्रवासी उलट कुरकुरतात.

थंडीत बामणोदची वांगी आली की भरीत करणार आहे, सोबत कळण्याची भाकरी. सिस्टरांना घेऊन चोपड्याला यायचं. नाही म्हणू नका.

तुमची,
चोपड्याची पेशंट