डाव्या हातातला चहाचा कप

ड्रेस्डेन, १९ ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो, तरी आज पत्र लिहायला बसले. फोनवर सांगायला गेले की आई मध्येच "जेवलीस का?" विचारते आणि मला विषय बदलायला निमित्त मिळतं. आज विषय बदलायचा नाही. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलं आहे. बाबा, चष्मा लावून वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

आई, ऑगस्टच्या शेवटी तू विचारलं होतंस, "चहाचा कप डाव्या हातात का गं?" मी म्हटलं, उजव्या हातात मोबाईल आहे. ते खोटं होतं. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि उजवा हात टेबलाखाली होता, प्लास्टरमध्ये. पुढचे सहा आठवडे मी तुमच्याशी असंच बोलले. शर्यत कशी झाली विचारलंत, तेव्हा "छान झाली" म्हणाले. मी पडले होते. मनगटाचं हाड मोडलं होतं आणि शर्यत अर्ध्यात सोडावी लागली होती. आता प्लास्टर निघालं आहे, हाताचे व्यायाम चालू आहेत, कणीक मळता येते. तेव्हा पोटात गोळा येऊ देऊ नका. पण एवढंच वाक्य वाचून पत्र बाजूलाही ठेवू नका. या वर्षी काय काय झालं, ते मला सगळं सांगायचं आहे.

बाबा, तुम्ही दर वेळी विचारता की ट्रायथलॉनमध्ये हे तीन खेळ एकत्र कशाला. आधी पोहायचं, ओल्या अंगाने सायकलवर बसायचं, सायकल ठेवली की धावायचं, आणि घड्याळ मध्ये एकदाही थांबत नाही. कपडे-बूट बदलायला लागलेला वेळही मोजला जातो. अशी पहिली शर्यत १९७४ साली अमेरिकेत सॅन दिएगोला झाली आणि २००० साली सिडनीत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. मी जी करते ती ऑलिंपिकच्याच मापाची: दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणं. आमच्यासारख्या नोकरी करणाऱ्यांचे वयाप्रमाणे पाच-पाच वर्षांचे गट असतात. माझा गट ४० ते ४४. आई, तू नंबर विचारतेस ना, तो या गटातला असतो.

जूनमधली शर्यत मोरित्सबुर्गला होती, इथून अगदी जवळ. तिथे तळ्याच्या मधोमध राजवाडा आहे, पिवळ्या-पांढऱ्या भिंतींचा, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज. पोहायचं त्याच तळ्यात. सकाळच्या थंडीत रबरी सूट घालून शेकडो माणसं एकदम पाण्यात उतरतात. पहिली दोनशे मीटर कुणाचा हात डोक्यात बसतो, कुणाची टाच हनुवटीला लागते. तेव्हा श्वास आवरायचा, आणि आठ-दहा हात मारले की मगरीसारखे फक्त डोळे वर काढून दिशा बघायची. मी बुरुजावर नजर ठेवली होती. सायकलच्या टप्प्यात पुढच्या माणसापासून १० मीटर अंतर राखावं लागतं. त्याच्या आडोशाने वारा चुकवलात तर शिक्षा होते. म्हणजे ४० किलोमीटर आपण आणि आपली दमछाक, दुसऱ्या कुणाचा आधार नाही. मला ते आवडतं. रस्ता गुळगुळीत असतो, मान खाली घालून एकच लय धरायची. २ तास ५२ मिनिटं लागली, गटात अकरावी आले. हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं आणि ते खरं होतं. आईने त्या दिवशी शिरा केला होता, तेही दादाने सांगितलं.

खरं सांगायचं आहे ते ऑगस्टबद्दल. त्या शर्यतीत डांबरी रस्ता जवळजवळ नसतोच. पोहणं तेवढंच, पण सायकल जंगलातल्या पायवाटांवर, दगडांतून, झाडांच्या मुळांवरून. आणि धावणंही तसंच. या प्रकाराची सुरुवात १९९६ साली हवाईतल्या माउई बेटावर झाली. सायकलही वेगळी लागते. माझ्या रस्त्याच्या सायकलचा टायर जेमतेम बोटभर रुंद, त्यात ८० पौंड हवा. जंगलातल्या सायकलचा टायर त्याच्या दुप्पट रुंद आणि हवा २२ पौंड. अंगठ्याने दाबला तर दबतो, म्हणूनच दगडाला धरून राहतो. तुम्ही कोळशाच्या खाणीत डंपरच्या टायरवर हातोडी मारून आवाजावरून हवा ओळखायचात. मी अंगठ्याने ओळखायला शिकले आहे.

आई म्हणेल, रस्त्यावरचं जमतंय तर जंगलात जायचं कशाला? बर्म्युडाची फ्लोरा डफी म्हणून एक बाई आहे. टोकियोत तिने ट्रायथलॉनचं सुवर्ण जिंकलं, तिच्या चिमुकल्या देशाचं ते पहिलंच ऑलिंपिक सुवर्ण. तीच बाई जंगलातल्या ट्रायथलॉनचीही अनेकदा जगज्जेती आहे. दोन्हीकडे सराव केला की शरीर जास्त जागं राहतं, असं मला तिच्याकडे बघून वाटायचं. आता अनुभवाने वाटतं. रस्त्यावर मन भटकलं तरी चालतं. जंगलात पुढचे दहा मीटर सोडून दुसरं काही डोक्यात येऊच शकत नाही. ऑफिसच्या आठवड्यानंतर मला ते हवंसं होतं. इथे शहराला लागूनच मोठं जंगल आहे. झाडांच्या खोडांवर जुन्या वाटांच्या लाल खुणा आहेत. वर्षभर शनिवारी पहाटे मी तिथेच असायचे.

ही शर्यत होती त्सिटाऊला, जर्मनीच्या पार कोपऱ्यात. एका बाजूला पोलंड, दुसऱ्या बाजूला चेक देश. २०१४ साली या प्रकाराची जागतिक स्पर्धा तिथेच झाली होती. डोंगर फार उंच नाहीत, सगळ्यात उंच लाउशे, आठशे मीटरलाही थोडा कमी. पण बाबा, मला तुम्हाला डोंगराबद्दल नाही, तळ्याबद्दल सांगायचं आहे. ओल्बर्सडॉर्फचं ते तळं म्हणजे कोळशाची खुली खाण होती. लिग्नाइट, तपकिरी कोळसा. १९९१ साली खाण बंद झाली, पुढे खड्ड्यात पाणी भरलं आणि १९९९ साली काठावर मोठं उद्यान-प्रदर्शन भरलं. आता तिथे मुलं वाळूत किल्ले करतात.

हे मला आदल्या दिवशी कळलं, आणि शर्यतीच्या सकाळी पाण्यात उभी राहिल्यावर मला फक्त तुम्ही आठवलात. आपल्या क्वार्टरच्या खिडकीतून दिसायचे ते ओबीचे, खाणीतून उपसलेल्या माती-दगडांचे डोंगर. रात्रपाळीहून आलात की तुमच्या डोळ्यांच्या कडांना बसलेली काळी रेघ. पहिली पाळी असली की चार वाजता पेटणारी आईची शेगडी. मी पोहत होते आणि वाटत होतं, आपल्या खाली कुठेतरी बेंच, खाणीच्या त्या पायऱ्या, असतील, डंपरची चढण असेल, आणि त्या चढणीवरून कुणाचे तरी बाबा पाळीला जात असतील. पाणी स्वच्छ होतं, पण खाली काहीच दिसत नव्हतं, हिरवा अंधार नुसता. दीड किलोमीटर मी एकदाही घाबरले नाही. पाण्याबाहेर आले ती शर्यतीची पर्वा न करता तुम्हाला फोन करावा, अशी इच्छा घेऊनच.

आता पडल्याचं. सायकलचा दोन-तृतीयांश टप्पा झाला होता, मी चांगल्या स्थितीत होते. रात्री पाऊस पडून गेला होता. बीच नावाच्या झाडांखाली एक उतार आला, त्यात आडवी, मनगटाएवढी जाड, काळी चकचकीत मुळं. अशा ठिकाणी ब्रेक मुळाच्या आधी लावायचा, मुळावर चाक असताना लावायचा नाही, आणि नजर मुळावर ठेवायची नाही, पलीकडे ठेवायची. मला हे पाठ आहे. तुम्ही आम्हा दोघांना स्कूटर शिकवताना सांगायचात, "उताराचा गिअर उताराच्या आधी टाकायचा, भरल्या गाडीला मधे सुचत नाही." माझ्या समोरचा माणूस अचानक मंदावला, मी मुळाकडे बघितलं आणि मुळावरच ब्रेक दाबला. पुढचं चाक साबणावरून सरकावं तसं गेलं. मी उजवा हात टेकला. आवाज झाला नाही. उठले, सायकल उचलायला गेले तर हँडल मुठीत धरवेना. बोटं आपली नाहीतच, असं वाटलं.

वाटेवर उभ्या असलेल्या स्वयंसेवक आजींनी माझं हेल्मेट काढलं आणि पाणी पाजलं. सत्तरीच्या असतील. त्यांनी एकच विचारलं, "पुढे जायचंय?" मी रडले, बाबा. दुखत होतं म्हणून नाही. दहा महिने पहाटे पाचला उठले होते. मी नाही म्हणाले आणि सायकल एका हाताने ढकलत खाली आले. निकालाच्या यादीत माझ्या नावापुढे वेळ नाही, डीएनएफ अशी तीन अक्षरं आहेत. शर्यत पुरी केली नाही, असा त्याचा अर्थ. आई, हा या वर्षीचा दुसरा नंबर. तो मला तुला सांगवला नाही.

न सांगण्याचं कारण तुम्हाला माहीत आहे. इतक्या लांब असलेल्या लेकीच्या हाताला प्लास्टर आहे म्हटल्यावर आईला झोप लागली नसती. तुम्ही मला त्रास होऊ नये म्हणून गप्प राहिलात, मी तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून. हो, मला कळलं आहे. बाबा, सप्टेंबरमध्ये तुम्ही न्हाणीघरात घसरलात, कमरेला मार लागला, हाड वाचलं. दादाने परवा सांगितलं. त्यावर रागावू नका, मीच खोदून खोदून विचारलं, कारण दर फोनला तुम्ही पलंगावरच दिसत होता. तो हेही म्हणाला की डॉक्टरांनी चालायला सांगूनही महिनाभरात तुम्ही फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. आधी तर उजाडायच्या आत कॉलनीच्या मैदानाला पाच फेऱ्या व्हायच्या तुमच्या.

मला डिसेंबरपर्यंत जंगलात सायकल चालवायची नाही, तसं डॉक्टरांनी बजावलं आहे. म्हणून सध्या शनिवारी त्याच वाटांवर पायी जाते. गेल्या आठवड्यात पानांच्या थराखालून एक ओलं मूळ वर आलेलं दिसलं. साधं चालत होते, पायात चांगले बूट होते, तरी अंग ताठ झालं आणि पाऊल पुढे पडेना. दोन मिनिटं मी तिथे उभी होते. तेव्हा मला तुमचा न्हाणीघराचा उंबरठा समजला. घरी बसून समजला नसता.

मामाच्या गावची विहीर आठवते? मी सात वर्षांची होते. ट्रकची ट्यूब माझ्या काखेत, दोर माझ्या कमरेला आणि दुसरं टोक तुमच्या हातात. तुम्ही वरच्या पायरीवर बसला होता. मी ओरडत होते, सोडू नका, आणि तुम्ही म्हणत होता, "धरला आहे, तू पाय मार." तिसऱ्या दिवशी ट्यूब काढलीत. दोर मात्र त्या उन्हाळ्यात शेवटपर्यंत ठेवलात.

तर आता असं करायचं. दादा न्हाणीघरात आणि पायऱ्यांजवळ पकडायला दांडे बसवतो आहे, त्याला नाही म्हणू नका. रबरी तळाचे बूट मी पाठवले आहेत, ते कपाटात ठेवू नका. सकाळी ऊन अंगणात आलं की आईचा हात धरून फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच. मैदानाचं नंतर बघू. मी रोज मनगटाचे व्यायाम करते तेव्हा तुमच्याकडे सकाळचे साडेनऊ झालेले असतात. त्या वेळी व्हिडिओ लावू. तुम्ही चाला, मी हात हलवते. दुखलं तर दुखलं म्हणा, मीही म्हणेन.

मी २० डिसेंबरला नागपूरला उतरते, तिथून रात्रीपर्यंत चंद्रपूर. आई, वांग्याचं भरीत कर, आणि सांभार भरपूर घाल, इथली कोथिंबीर वासाला नावालाही लागत नाही. सायकल आणत नाही. बूट आणते आहे.

तुमची,
ताई