एनएव्हीत अंदाज किती, तेही छापा: रोखे बाजाराच्या नियामकांना खुले पत्र

मा. अध्यक्ष,
रोखे बाजार नियामक मंडळ

स.न.वि.वि.

या खुर्चीवर प्रत्येक देशात वेगळी व्यक्ती बसते. हे पत्र त्या सर्वांना आहे, कारण तक्रार सगळीकडे एकच आहे.

जास्त परताव्याच्या रोखे फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची निव्वळ किंमत, रोज जाहीर होते, दशांश चिन्हानंतर दोन, कुठे चार आकड्यांपर्यंत. ती वाचून वाटते, फंडातला प्रत्येक रोखा आज विकून पाहिला आणि आलेले पैसे मोजले. प्रत्यक्षात ‘बीबीबी उणे’च्या खालचे, म्हणजे पैसे बुडण्याचा धोका जास्त असल्याचे मानांकन असलेल्या कित्येक रोख्यांचा आठवडेच्या आठवडे एकही सौदा होत नाही. तसल्याच मुदतीचे, तसल्याच मानांकनाचे दुसरे रोखे कितीला गेले, यावरून त्यांची किंमत काढली जाते. यात लबाडी नाही, दुसरा मार्गही नाही. पण हा अंदाज आहे, आणि युनिटधारकाला तो अंदाज म्हणून दाखवला जात नाही.

हा अंदाज बाजाराच्या मनःस्थितीवर किती हलतो ते पाहा. सरकारी रोख्यांपेक्षा अशा कमी मानांकनाच्या रोख्यांवर (जंक बॉण्ड) मिळणारे जादा व्याज अमेरिकेत जून २००७ मध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास होते. डिसेंबर २००८ मध्ये ते २० टक्क्यांच्या वर गेले. समजा, वर्षाला शंभरातले ४ रोखे बुडाले आणि बुडालेल्यांतून ४० टक्के वसूल झाले, तर नुकसान २.४ टक्के. म्हणजे अडीच टक्के जादा व्याजात जोखमीचा मोबदला जवळजवळ शून्य. तरी तेव्हा लोक आनंदाने घेत होते, आणि २० टक्के मिळत असताना पळत होते. एनएव्हीत किती वाटा कंपन्यांच्या ताळेबंदाचा आणि किती या उत्साहाचा, हे कुणीच वेगळे काढून सांगत नाही.

गैरसोय एवढीच असती तर पत्र लिहिले नसते. खरा अन्याय पैसे काढण्याच्या वेळी होतो. बाजार पडला आणि एनएव्ही मागे राहिली, की आधी बाहेर पडणाऱ्याला जुन्या, चढ्या भावाने पैसे मिळतात. त्याची भरपाई मागे राहिलेले करतात. त्याच्यासाठी फंड आधी विकले जातील असे चांगले रोखे विकतो आणि न खपणारे उरलेल्यांच्या वाट्याला येतात. मोठ्या गुंतवणूकदारांना हे गणित पाठ असते. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत थर्ड ॲव्हेन्यू फोकस्ड क्रेडिट फंडाने पैसे परत देणे थांबवले. भारतात २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने सहा रोखे योजना गुंडाळल्या. गंमत अशी, की त्या सहा योजनांतून अखेरीस गुंडाळतानाच्या मालमत्तेपेक्षा जास्त पैसे परत मिळाले. आकडा फुगवलेला नव्हता. फक्त त्या दिवशी त्या भावाला गिऱ्हाईक नव्हते. एनएव्ही हे सांगत नाही, सांगूही शकत नाही.

मार्च २०२० मध्ये अमेरिकेतले काही रोखे ईटीएफ (शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारे फंड) एनएव्हीपेक्षा बरेच स्वस्त विकले जात होते. तेव्हा चर्चा झाली ती ईटीएफ ‘बिघडल्याची’. माझ्या मते खरी किंमत ईटीएफच सांगत होते. मागे पडली होती एनएव्ही.

याची दुसरी बाजू क्लोज-एंडेड फंडांत दिसते, म्हणजे ज्यांचे युनिट फंड परत घेत नाही, बाजारातच विकावे लागतात. एनएव्ही १००, बाजारभाव ११०, युनिटधारकाला वर्षाला दिले जाणारे पैसे, म्हणजे वाटप, १०. घेणाऱ्याला ९ टक्के परतावा दिसतो, म्हणून तो एनएव्हीवर जादा रक्कम, म्हणजे प्रीमियम, देतो. रोखे खर्च वजा जाता ८ टक्केच कमावत असतील, तर वरचे २ त्याच्याच मुद्दलातून त्याला परत दिले जात आहेत. पुढच्या वर्षी एनएव्ही ९८, वाटप तेवढेच. वाटप एक दिवस कापले जाते, प्रीमियमचा रातोरात डिस्काउंट होतो, म्हणजे भाव एनएव्हीच्याही खाली जातो, आणि खापर ‘बाजाराच्या भावना’ यांवर फुटते.

माझे मागणे छोटे आहे. एनएव्हीच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, दोन आकडे छापायला लावा. पहिला, आज मोजलेल्या मालमत्तेपैकी किती टक्के गेल्या पाच दिवसांतल्या प्रत्यक्ष सौद्यांवर आधारलेली आहे. दुसरा, या वाटपात कमाई किती आणि मुद्दल किती. तिमाही अहवालाच्या तळटीपेत नको. तिथे बरेच काही असते आणि कुणी वाचत नाही.

फंड कंपन्या म्हणतील, लोक घाबरतील. घाबरतील काही. पण आज ते सगळे एकाच दिवशी, एकाच दारात घाबरतात. आधीपासून आकडा दिसत असेल तर ज्याला ही जोखीम झेपत नाही तो मुळात आतच येणार नाही.

नियम बनवायला वेळ लागतो, हे मान्य. तोवर निदान दशांशातला चौथा आकडा तरी छापू देऊ नका.

आपला,
एक युनिटधारक